हवेवर जगलेल्या आजी

आजी गेल्या त्या सकाळी मी नेहमीसारखं चेन्नईजवळच्या तांबरमच्या त्यांच्या घराचं फाटक उघडलं, तर पायरीवर त्यांचा पुतण्या बसला होता. हातात आजींचा चष्मा. "झोपेतच गेल्या," एवढंच तो म्हणाला. मला काय करावं ते सुचेना. गच्चीवर आदल्या दिवशी भोपळ्याच्या फोडी वाळत घातल्या होत्या. मी आधी वर गेले, सगळ्या फोडी पालथ्या केल्या आणि मग खाली येऊन आजींजवळ बसले... याला आता सहा आठवडे झाले.

आजी जर्मनीच्या, बर्लिन गावच्या. नाव हेल्गा. त्यांचे यजमान तंजावरकडचे मराठी, शिकायला तिकडे गेले होते, ते यांना लग्न करून घेऊन आले. सासूबाईंनी नाव ठेवलं हेमा आणि सांगितलं, घरात आपल्याच भाषेत बोलायचं. म्हणून आजींची मराठी जुन्या वळणाची, मध्येच तमिळ शब्द. मी लग्न होऊन सांगलीहून आले तेव्हा हे काहीच मला माहीत नव्हतं. माझा नवरा ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात. तो दिवसभर बाहेर, मला तमिळचं अक्षर कळत नाही आणि लोकांशी बोलायची मुळातच भीती. एकदा भाजीवाला मोठमोठ्याने काही सांगत होता आणि मी रडकुंडीला आले होते. मागून आवाज आला, "घाबरू नको गे. भांडत नाही तो. त्याचा गळाच मोठा अहे." वळून पाहिलं तर गोरीपान म्हातारी, कॉटनची साडी, हातात पिशवी. माझ्या हातातली वांगी खाली पडली. ती उचलता उचलता त्यांनी विचारलं, "पोळ्या येतात? मला अजून येत नाहीत. लाटायला घेतलं की नकाशे होतात." दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला जाऊ लागले. चेन्नईत माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारं घराबाहेरचं ते पहिलं माणूस.

आजींची एक सवय होती. कोणतीही वस्तू विकत घेताना त्या ती तळहातावर तोलायच्या आणि म्हणायच्या, "यात पाणी किती, वस्तू किती?" तंजावरकडच्या बायका उन्हाळ्यात भाज्या वाळवून ठेवतात, त्याला वत्तल म्हणतात. सासूने शिकवलेलं ते काम आजी वर्षभर करायच्या. गवार, वांगी, कारली, भोपळा, सगळं गच्चीवर. फक्त बटाटा कधी वाळवला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "वेंडाम. तो नको."

त्याचं कारण मला चेन्नईतल्या मोठ्या पुरात कळलं. आमच्या खोलीत पाणी शिरलं तेव्हा आजींनी आम्हा दोघांना त्यांच्या वरच्या मजल्यावर बोलावून घेतलं. चारही बाजूंनी पाणी, रस्ता दिसत नव्हता. हेलिकॉप्टर आलं आणि गच्च्यांवर जेवणाची पाकिटं टाकू लागलं. मी हात जोडले. आजी शांतपणे वर बघत म्हणाल्या, "आम्ही असेच वर्षभर हवेवर जगलो." मला वाटलं, बिचाऱ्या उपाशी राहिल्या असतील. माझे डोळे भरलेले पाहून त्या हसल्या. "उपाशी नव्हे गे. हवेतूनच यायचं सगळं."

मग त्यांनी सांगितलं. महायुद्ध संपून तीनेक वर्षं झाली होती, आजी तेव्हा सात वर्षांच्या. जिंकलेल्या देशांनी शहर आपापसांत वाटून घेतलेलं. त्यांचं भांडण पेटलं आणि रशियाने आजींच्या भागाकडे येणारे रस्ते, रेल्वे, कालवे, सगळं बंद केलं. लाखो माणसं आत. तेव्हा अमेरिकेने आणि इंग्रजांनी विमानांतून पीठ आणलं, दूध पावडर आणली, औषधं आणली... कोळसासुद्धा आणला. मी म्हटलं, "आजी, कोळसा? विमानातून?" "पोत्यांतून. एक विमान उतरेपर्यंत मागचं दिसायला लागायचं. आणि बघ, ज्यांच्या विमानांनी आमचं घर पाडलं होतं, तेच आता पीठ आणत होते." मी चौथी शिकलेली. वेढा म्हटला की मला किल्ला आणि तलवारी एवढंच माहीत. एकही गोळी न झाडता, नुसती पोती वाहून वेढा उठवता येतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

विमानं उतरायला जागा पुरेना, म्हणून नवी धावपट्टी बांधायला घेतली. तिथे आजींची आई कामाला जायची. बायकाच बायका, पडलेल्या घरांच्या विटा फोडून खाली अंथरायच्या. आई म्हणायची, "कोण जाणे, विमान आपल्याच स्वयंपाकघरावर उतरत असेल." आणि बटाटे यायचे ते वाळवलेले, कारण पाण्याला वजन असतं. "पाणी कशाला वाहून आणायचं गे? पाणी आपल्याकडे असतंच," आजी म्हणाल्या. एका संध्याकाळी आईने तो बटाटा कालवून दिला. आजींनी एक घास घेतला आणि जमिनीवर थुंकला. आईने तो उचलला आणि स्वतः खाल्ला.

"आई रागावल्या नाहीत?" मी विचारलं.

"रागावली असती तर मी विसरले असते."

यंदा उन्हाळ्यात आजींचं जेवण सुटलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, जे मागतील ते द्या. पण त्या काही मागतच नव्हत्या. मी खीर केली, मऊ भात केला, सगळं तसंच परत यायचं. एक दिवस म्हणाल्या, "बटाटा वाळव. तो घास राहिलाय माझा."

मी बटाटे उकडून, चकत्या करून उन्हात घातले. चेन्नईचं ऊन ते, दोन दिवसांत खडखडीत. पूड केली, गरम पाण्यात कालवली, मीठ घातलं, चमचाभर तूप सोडलं. आजींनी चाखून चमचा खाली ठेवला. "छान झालंय गे. हे नव्हे." दुसऱ्या दिवशी तूप वगळलं. "अजून चांगलंच अहे." तिसऱ्या दिवशी मीठही नाही. त्या म्हणाल्या, "तुझा हात लबाड अहे, वाईट होऊच देत नाही." आता मुद्दाम वाईट कसं करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि आजींचे डोळे रोज अजून आत जात होते. हा घास पोटात न जाताच त्या गेल्या तर, या विचाराने माझा जीव जाई.

मग मला पुरात त्यांनी सांगितलेलं आणखी एक आठवलं. त्या वेढ्यात वीजही दिवसातून थोडाच वेळ असायची, शेगडीवरचं अर्धंच शिजायचं. मी पाणी नुसतं कोमट केलं आणि गॅस बंद केला. पूड फुगली नाही, खाली कणी राहिली, रंग मळकट झाला. अशी वाटी कुणापुढे ठेवायची मला लाज वाटत होती. आजींनी एक चमचा तोंडात घेतला आणि बराच वेळ तो तसाच धरून बसल्या... मग गिळला. मग दुसरा घेतला. वाटी निपटून खाल्ली. "वाईट झालंय," म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मी बघतच राहिले. पुढे त्या त्यांच्या जर्मन भाषेत काहीतरी पुटपुटल्या. त्यात 'मामा' एवढंच मला कळलं. मला वाटलं, मामांची आठवण आली असेल. नंतर पुतण्याने सांगितलं, तिकडे आईला तसं म्हणतात. त्यानंतर आठच दिवस आजी होत्या.

उरलेल्या पुडीची बरणी पुतण्याने मला देऊन टाकली. ती माझ्या ओट्याच्या वरच्या फळीवर आहे. काल दुपारी तांबरमच्या हवाई तळावरून विमान उठलं, फळीवरची भांडी किणकिणली. मी बरणीतली मूठभर पूड तळहातावर घेऊन तोलली. हाताला काही वजनच लागत नव्हतं. पाणी आपल्याकडे असतंच.