फॉगी आणि लॅगी

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनही चुकतं. चौथीपर्यंतच शिकले, तेवढं सांभाळून घ्या.

परदेशात, लोअर हटला मुलाकडे राहायची तेव्हा मुलगा आणि सून सकाळच्या ट्रेनने कामाला गेले की घरात बोलायला कोणी नसे. शेजारी एक म्हातारी एकटीच राहायची. ती लहानपणी उत्तर इंग्लंडहून इकडे आलेली. कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवायच्या दिवशी मला पाहिलं की ती आपला डबा घाईघाईने ओढत पुढे न्यायची आणि ओरडायची, "फॉगी!" तिनेच एकदा सांगितलं, तिच्या गावची मुलं खेळताना पहिल्याला फॉगी म्हणत आणि शेवटच्याला लॅगी.

"यू आर लॅगी, लव्ह!" असं मला लाडाने चिडवायची. मी नुसती हसायची. आठवड्याचं आमचं बोलणं तेवढंच. एकदा तरी आपण तिच्याआधी ओरडावं असं फार वाटे, पण तोंड उघडत नसे.

सुनेला या शब्दांबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "आई, इथे असं कोणीच बोलत नाही हो."

मग एका आठवड्यात म्हातारी दिसलीच नाही. तिची मुलगी तिला कायमची हॅमिल्टनला घेऊन गेली, असं समोरच्या बाईंनी सांगितलं.

त्या दिवशी डबा ठेवायला मीच पहिली होते. शब्द ओठावर आला, पण ऐकायला कोणी नव्हतं. मी तिच्या अंगणातला रिकामा डबा आधी रस्त्यावर नेऊन ठेवला आणि माझा त्याच्या मागून.