सांगितलेलं बरं

जुन्नरच्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. एका पेंगुळलेल्या दुपारी घाटघरकडचा एक म्हातारा मेंढपाळ आला. कड्यावरून घसरून त्याचा हात फाटला होता. अंगाला लोकरीचा, ओल्या गवताचा वास. मी घाईनं तशीच पुढे झाले, तर त्यानं हात मागे घेतला.

"ताई, आधी हातमोजे घाला. मला एचआयव्ही हाय."

"सांगायची भीती नाही वाटली?"

"वाटती की. मागं एका ठिकाणी सांगितलं, तर टाकं न घालताच बाहेर काढलं व्हतं."

डॉक्टर टाके घालत असताना तो खिडकीतून धुक्यात विरघळणाऱ्या डोंगराकडे पाहत राहिला, जखम दुसऱ्याच कुणाची असावी तसा. त्याचं नाव मी विसरले. पण आता प्रत्येकासाठी मी आधीच हातमोजे घालते. कुणाला सांगावं लागत नाही.