बादलीखाली कोण?

विनेल टटल कुणाच्या शब्दावर विसंबत नसे. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म गेला, तिथेही ताजी म्हणून आलेली अंडी ती आधी पाण्यात सोडून बघायची. चर्चच्या जेवणात दुसरीची बटाट्याची कोशिंबीर ‘किती वेळ उन्हात होती?’ असं विचारल्याशिवाय ताटात घ्यायची नाही. फ्लोरिडातल्या त्या गावात बायका तिला टरकून असत.

नवरा थर्मन मात्र भोळा सांब. त्याची लाडकी डचेस म्हणजे लाल, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची बिनविषारी सापीण. तिथल्या पालापाचोळ्यात याच वेषात कोरल सापही हिंडतो, आणि तो जहरी. फरक काय तो पट्ट्यांच्या क्रमाचा आणि नाकाच्या रंगाचा.

मंगळवारी डचेस पेटीतून निसटली. शनिवारी मागच्या पडवीत, टॉवेलांच्या ढिगात एक रंगीत शेपटी सळसळली. विनेलने हातातली बादली त्यावर पालथी घातली आणि वर ठाण मांडलं.

“सापडली माझी राणी!” थर्मन धावत आला. “ऊठ गं, गुदमरेल ती.”

“तीच कशावरून?”

“टॉवेलात दुसरं कोण लोळणार? हात घालून काढतो. गाणं पाठ आहे मला. लालाला काळा, लावा गळा. लालाला पिवळा, पळा पळा.”

“परवा शेजारच्या क्लीटसला उलटं शिकवत होतास.”

“चुकलो असेन एखाद्या वेळी.”

“एखादीच वेळ पुरते, बाबा.”

थर्मनचा चेहरा आंबट झाला. “खरं सांग, पेटीचं झाकण तूच उघडं टाकलंस ना? पहिल्यापासून तुझ्या डोळ्यांत सलते ती.”

हे विनेलला लागलं. सलत होती, खोटं कशाला बोला! पण झाकणाला तिने बोटही लावलं नव्हतं. तरी ती जागची हलली नाही.

“विधवा होऊन तुझ्या राणीला उंदीर भरवत बसायची हौस नाही मला. लांब दांड्याचं खोरं आण.”

“मारणार तिला?”

“बादली उचलायला, शहाण्या! नाक लाल निघालं तर तुझी. काळं निघालं तर दोघंही मागे.”

खोरं आलं. विनेल उठून बाजूला झाली. थर्मनने लांबूनच दांड्याने बादली कलंडवली. टॉवेलाच्या घडीतून हळूच एक नाक बाहेर आलं. लाल.

“बघ! आता माफी माग तिची,” थर्मन फुशारला. हात पुढे नेता नेता मात्र तो थबकला. खाली वाकला, चष्मा वर सरकवला आणि नाक पुन्हा निरखू लागला.

“घे की उचलून,” विनेल म्हणाली.

“घेतो गं. घाई काय आहे?”