सासू आडवी गेल्याशिवाय गाडी हलत नाही

मी गाडी घेते म्हटल्यावर घरातून पहिला प्रश्न आला, "चालवणार कोण?" विचारणारा माझा दीर. मी भाकरी थापत होते. हात न थांबवता म्हटलं, "मी." तो असा खो खो हसला की बशीतला चहा पॅंटवर सांडला. मग त्याच्या ध्यानात आलं की मी काही हसून राहिले नाही.

मी तेव्हा कळमनुरी तालुक्यात एका उपकेंद्रावर सिस्टर होते. लेकरांच्या लसी, बाळंतपणं, गरोदर बायांच्या तपासण्या. गावं लांब लांब, आणि जायला काय, तर काळी-पिवळी जीप. जीपवाला मला मोठा मान द्यायचा. "सिस्टर, तुमी पुढं या." पुढं म्हणजे कुठं, तर तो आणि आणखी दोन बापे यांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याला गुडघा लावून. गिअर बदलताना त्याचा हात कुठं कुठं जायचा ते त्यालाही ठाऊक आणि मलाही. एक दिवस मी लसींचा डबा उचलला आणि त्याच्या मनगटावर आदळला. बोंबलला मेला. त्यानंतर कितीतरी दिवस त्यानं मला जीपमध्ये घेतलं नाही. उन्हातून डबा खांद्याला लावून चालताना मी ठरवलं, आता गाडी आपली पाहिजे. भंगार असली तरी चालेल, पण गिअर माझ्या हातात पाहिजे.

चालवायला मला येत होतं. नांदेडला ट्रेनिंग होतं तेव्हा बाकीच्या सिस्टर संध्याकाळी बाजारात जायच्या आणि मी ड्रायव्हिंगच्या क्लासला. लायसन ट्रंकेत साड्यांखाली ठेवलं होतं. घरी बोलले नव्हते. बोलून काय होणार होतं? पुन्हा कुणाचा तरी चहा सांडला असता.

हिंगोलीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना त्यांची जुनी छोटी गाडी काढायची होती. हिंगोली जिल्हा व्हायच्या आधी घेतलेली, म्हणून परभणी पासिंगची. मूळ रंग लाल, पण उन्हानं विटून गुलाबी झालेला. दीर सोबत आला. गाडीतलं त्याला काही कळत नव्हतं, पण बाईमाणूस एकटी कशी जाणार म्हणून आला. ओळखीचे एक मिस्त्री गाडी तपासायला बोलावले होते. त्यांनी बॉनेट उघडलं, कान लावला, दारांवर टकटक केलं आणि म्हणाले, "मॅडम, इंजन बराबर है. बॉडी का मत पूछो."

"काहून न्हाई विचारायचं?"

त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं. खाली अंगण दिसत होतं. पत्रा गंजून हाताएवढं भोक पडलेलं.

"हवा लगेगी, और क्या," मिस्त्री म्हणाले.

त्या भोकावर बोट ठेवून मी भाव पाडला. डॉक्टर नको नको म्हणत तयार झाले. कागदावर सह्या करायची वेळ आली तसं त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "मालक कुठंयत तुमचे?" म्हटलं, "ते वारले. गाडीची मालक मीच." त्यांनी चष्मा पुसला, सही माझी घेतली आणि किल्ली दिराच्या हातात दिली. घ्या! ज्याची मजल मोटारसायकलच्या पुढं कधी गेली नाही, त्याच्या हातात किल्ली! आणि तोही अशी मूठ वळून उभा, जशी काय बापजाद्यांची इस्टेट. मी त्याची बोटं उघडून किल्ली काढून घेतली. डॉक्टरांच्या बायको दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर पदर धरला. हसत होत्या.

कयाधू नदीच्या पुलावर गाडी बंद पडली. कळमनुरीत बाजाराच्या गर्दीत आणखी एकदा. मागून हॉर्नांचा कालवा, आणि कुणीतरी ओरडलं, "चूल सोडून काहून आली बाई?" मी काच खाली करून म्हटलं, "तुझ्या मायला विचार, तिला लस मीच देते." गाडी सुरू झाली. दीर दाराची मूठ घट्ट धरून बसला होता. गाव जवळ आलं तसा चुळबुळायला लागला.

"वहिनी, वेशीपासून मी बसतो स्टेरिंगवर."

"तुमाला येतं का?"

"नुसतं बसतो. लोक पाहतील ना."

"आन् गाडी ढकलणार कोण? मी?"

त्यानं दाराची मूठ पुन्हा धरली.

दारापुढं अख्खी गल्ली जमलेली. माझी जाऊ ताट घेऊन उभी. ताटात निरांजन, हळदकुंकू, नारळ, चाकाखाली ठेवायला लिंबं. मी उतरले तसा दीर माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, तुमी जरा आत थांबा. नव्या गाडीचं हाय, सवाशिणीच्या हातानं व्हावं. झालं की बोलावतो."

माझी गाडी. माझ्या सहीची, माझ्या पगाराची. आणि तिची पूजा होईस्तोवर मी आत थांबायचं, कारण माझं कपाळ पांढरं. माझा नवरा विहिरीवर मोटार चालू करायला गेला आणि करंट लागून गेला. त्याला काही मी धक्का दिला नव्हता. तरी तेव्हापासून कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात मला असंच गोड बोलून आत सारायचे. माझं डोकं सणकलं. म्हटलं, "भाऊजी, आत थांबायचं आसंल तर गाडी बी आत घेते. दार पाडावं लागंल तुमाला."

जाऊ ताट घेऊन दोन पावलं मागं सरली. बिचारी. तिच्यावर माझा काही राग नव्हता. म्हटलं, "लाव गं तू कुंकू. मी इथंच उभी हाय." तिनं लावलं, नारळ फुटला, लिंबं चिरडली. मी पाय रोवून उभी होते आणि गल्लीतल्या बाया एकमेकींना कोपरं मारत होत्या. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, सासू कुठंच दिसत नाही.

सासू कुठं असणार? कणगीच्या खोलीत. तिला कुणी जा म्हणावंही लागत नव्हतं. दीर रांगत होता तेव्हा तिचा नवरा गेला. त्यानंतर तिनं शेत केलं, दोन पोरं वाढवली, आणि घरात काही चांगलं असलं की आपली आपण कणगीच्या खोलीत जाऊन बसली. मी नवरी होऊन आले तेव्हा उंबऱ्यावर माप ठेवायला चुलतसासू होती. मी आपली घुंगटातून सासू शोधतेय. रात्र पडायच्या वेळेला एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "मी तुझी सासू." आणि माझा नवरा गेला, त्याच्या दहाव्यानंतर सगळे पांगले, तेव्हा तिनं मला हाताला धरून त्या खोलीत नेलं. शेजारी पोतं अंथरलं. "बस. आता आपण दोघी." तिला वाटलं ती मला आधार देतेय. मला मात्र तिथं श्वास घेता येईना.

गाडी आली त्या दिवशीही मी आत जाऊन म्हटलं, "आत्याबाई, चला, गाडी पाहा."

"पाहिली खिडकीतून. गुलाबी हाय." मग म्हणाली, "मी आडवी येईन व्हय नव्या गाडीला? तुला काही झालं म्हंजे?"

दुसऱ्या दिवशी ड्युटी. लसींचा डबा मागच्या सीटवर ठेवला, किल्ली फिरवली. बाहेर सगळे. सासू नाही. मला दिसलं, कणगीच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं आणि मागं तिच्या लुगड्याचा काठ. मी निघताना तिचं तोंड मला दिसू नये म्हणून ती तिथं दडली होती. माझ्यासाठी दडली होती. याचाच मला जास्त राग आला.

मी हॉर्न दाबला. त्या गाडीचा हॉर्न म्हणजे सर्दी झालेली शेळी. दाबून धरला. शेजारचे बाहेर आले, कुत्री भुंकायला लागली. दीर धावत आला, "वहिनी, काय लावलं?"

"आत्याबाईला बाहेर बोलवा. त्यांचं तोंड पाहिल्याशिवाय मी जात न्हाई."

"अवो, पण..."

"बर्फ वितळून राहिला. लसी खराब झाल्या तर तुमच्या नावानं सांगीन."

आतून सासू ओरडली, "डोकं फिरलं का गं तुझं? जा ना गुमान!" मी आणखी दाबला. शेवटी आली. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, तोंडानं शिव्या. येऊन भिंतीला चिकटून उभी राहिली.

"तिथं न्हाई. समोरून जा. आडवी."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी तिला विहिरीत उडी टाकायला सांगितलं. मग पळत, अक्षरशः पळत, गाडीपुढून गेली आणि पलीकडच्या गोठ्यात शिरली. मी गाडी काढली.

मग रोजच तसं. हॉर्न, शिव्या, सासू आडवी, गाडी पुढं. हळूहळू पळायची ती चालायला लागली. पुढं शिव्याही कमी झाल्या. गल्लीनं आमच्या हॉर्नवर घड्याळं लावली, पण डोळे लावून बसली होती ती वेगळ्याच गोष्टीसाठी. टायर पंक्चर झालं की बाया माना हलवायच्या. रेडिएटर फुटलं की, "पांढरी पांढरीला आडवी जाती, दुसरं काय व्हणार!"

आणि एकदा झालंच. पावसाळ्यात रस्त्यावर अचानक बकरी आली, मी स्टेरिंग फिरवलं, गाडी चिखलात घसरून नालीत गेली. कपाळाला तीन टाके. घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली. जाऊ रडत होती. दीर मोठ्यानं म्हणत होता, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माय, सांगून राहिलो होतो ना तुला? सांगितलं व्हतं का न्हाई?" सासू खोलीत गेली आणि आतून कडी लावली. रात्री जेवली नाही.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या सकाळी कपाळाला पट्टी बांधून मी पुन्हा स्टेरिंगवर. हॉर्न दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. आतून रडका आवाज आला, "न्हाई येत मी. माझा एक गेला. तुला बी खाऊ का मी?"

मला रडू फुटलं. आणि रडू आलं की मी आणखी भांडते, माझी ही खोडच आहे. खाली उतरले, कडी लावलेल्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. म्हटलं, "बकरी आडवी गेली होती, आत्याबाई! तुमी न्हाई! तुमी रोज आडव्या गेल्या तवा मी रोज घरी आले. ती आली तवाच पडले. अपशकुन मोजायचा तर बकरीचा मोजा ना!"

मग कडी वाजली. ती बाहेर आली, माझ्या पट्टीला हात लावून पाहिला, आणि गाडीच्या पुढून गेली. त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यावरचा पदर घसरला तरी तिनं सावरला नाही.

दोनेक वर्षांनी हळदीला चांगला भाव आला आणि दिरानं ट्रॅक्टर घेतला. कोरा करकरीत. दारापुढं मंडप टाकला, पाव्हणे कुरुंद्यापासून आले. गुलाल, हार, हलगी. मुहूर्त काढलेला. मी त्या दिवशी ड्युटीवर निघायची होते, पण गाडीला वाट नव्हती म्हणून कडेला उभी होते. दीर येऊन म्हणाला, "वहिनी, आज काही करू नका. हात जोडतो. आज पाव्हणे हायत." मी म्हटलं, "ट्रॅक्टर तुमचा. मी काय करणार?" आणि खरंच मी काही करणार नव्हते. सासू सकाळपासून दिसली नव्हती. मला वाईट वाटत होतं, पण ट्रॅक्टर काही माझा नव्हता.

जावेनं कुंकू लावलं. नारळ फुटला. दीर फेटा सावरत वर चढला, ट्रॅक्टर सुरू झाला, हलगी तापली. आणि कणगीच्या खोलीचं दार उघडलं.

सासू धुतलेलं लुगडं नेसून आली. गर्दीतून सरळ, कुणाकडं न पाहता, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांपुढं येऊन उभी राहिली. हलगी थांबली.

"माय, बाजूला हो. मुहूर्त हाय."

"हॉर्न वाजव."

"काय?"

"हॉर्न." तिनं माझ्याकडं बोट केलं. "परक्याची लेक हाय ती. तिनं रोज मला बोलावलं, सगळ्या गावाला आयकू जाईल असं. तू माझ्या पोटचा. तू एकदा तरी बोलाव."

दिरानं पाव्हण्यांकडं पाहिलं. बायकोकडं पाहिलं. जाऊ खालच्या आवाजात म्हणाली, "वाजवा ना." त्यानं मान खाली घातली आणि हॉर्न वाजवला.

"जोरात. ती जोरात वाजवती."

त्यानं दाबून धरला. नव्या ट्रॅक्टरचा तो भला मोठा हॉर्न, आमच्या शेळीपेक्षा कितीतरी मोठा, वेशीपर्यंत गेला असेल. आणि ती गेली आडवी. सावकाश, पाव्हण्यांच्या देखत, एकेक पाऊल टाकत, डोक्यावर पदर न घेता. पलीकडं माझ्यापाशी आली. दम लागला होता तिला.

"काय पाहून राहिली?" ती मला म्हणाली. "काढ गाडी. बर्फ वितळंल तुझा."