पान कोण चालवत होतं

रेडिओवालीच्या मेलेल्या नवऱ्याचं भूत तारेत बसून तिचं वेबवरचं पान चालवतं, ही कुजबूज जिन्यागणिक तिखट होत गेली. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत भुताला चष्माही लागला होता.

रेडिओवाली म्हणजे जिन्याखालच्या खोलीत दुरुस्ती करणारी बाई. जीभ अशी, की गिऱ्हाईक रेडिओआधी स्वतःच दुरुस्त होऊन जायचं. इमारतीचा अध्यक्ष तिचा धाकटा दीर, आणि दोघांतून विस्तव जात नव्हता. पाण्याच्या टाकीत मेलेली कबुतरं निघाली, तिने फोटो वेबवर आपल्या पानावर टाकले. दिराने पान ठेवणाऱ्या कंपनीकडे तक्रार करून ते दोनदा उतरवले. निवडणूक तोंडावर होती. 'पुन्हा निवडून आलो, की जिन्याखालचा कचरा काढतो,' असं तो चारचौघांत सांगत फिरत होता.

तिने मग कंपनीलाच फाटा दिला. पान एका जागी ठेवायचंच नाही. जो वाचेल त्याच्या कॉम्प्युटरवर प्रत, आणि तो चालू असेतो तिथून पुढच्याला. अशी सोय आधीही होती, पण ती वापरायची तर घरात इंजिनियर जावई हवा. हिने सगळी खटपट आत झाकली, बाहेर एकच बटण ठेवलं आणि वर ठळक लिहिलं : 'वाचाल ते तुमच्याकडे राहील, तुमच्याकडून पुढे जाईल.' तळमजल्यावरच्या आजींनीही ते दाबलं.

दीर दारात उभा राहिला. "वहिनी, तुमची वीज तोडतोय. बघू पान कसं दिसतं."

"तोडा, भाऊजी. तुमच्या डोक्यात कुठे उजेड आहे? तरी चाललंय ना."

वीज गेली, तिचं मशीन बसलं. बाकीचे अध्यक्षाला भिऊन वाचून झालं की कॉम्प्युटर बंद करत. एकही प्रत चालू नसली तर पान गेलं, आणि मागोमाग खोलीही.

तिने मोबाइलवर बघितलं. पान होतं. एकच प्रत चालू होती; कुणाची ते वाचून तिने मोबाइल उपडा ठेवला.

संध्याकाळी दीर जिन्यात आडवा आला. "कोण चालवतंय ते?"

"तुमचे दादा," ती म्हणाली. "मेल्यावर का होईना, माझ्या बाजूने उभे राहिले."

भूत जन्मलं ते तिथे. मतदानापर्यंत सगळ्या मजल्यांनी कबुतरं बघितली आणि दीर पडला. खोली राहिली. बोलणं आजही बंद आहे.

भूतबीत काही नव्हतं. पान दिराच्याच कॉम्प्युटरवरून चालत होतं. ते उतरलं का, हे बघत राहण्यासाठी त्याने तो बंदच केला नव्हता.