पायाचा ठसा चालत नाही

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर रोज कुणीतरी आपला अनुभव लावतं. आज माझा वाचा. दुपारीच वर्ध्याच्या आरोग्य कचेरीतून हात हलवत परत आलो.

बारा वर्षं मी महारोग्यांच्या पायांच्या जखमा धुतो, कडक झालेली कातडी तासतो, टायरच्या चपला शिवून देतो. आता म्हणतात, परवाना नसेल तर बंद करा. परवान्यासाठी बऱ्या झालेल्या दहा रोग्यांची सही किंवा अंगठा हवा.

माझ्या रोग्यांना लिहिता येत नाही. बहुतेकांची बोटं रोगानं नेली. ज्यांचे अंगठे शाबूत आहेत, ते रोग गावात कळेल म्हणून असल्या कागदावर नाव घालायला भितात.

सोबत गिरड गावच्या सखूबाई होत्या; त्यांच्याही हाताला अंगठा उरलेला नाही. त्यांचा डावा पाय कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याच पायानं आज त्या कचेरीच्या पायऱ्या चढल्या.

कारकून म्हणाला, "अंगठ्याशिवाय कागद पुढं जात नाई, भाऊ. मी तरी काय करू?"

सखूबाईंनी चप्पल काढली. "मंग पायाचा ठसा घ्या ना साहेब. ह्या भाऊनंच वाचवला मायावाला पाय."

कारकुनानं शाईची गादी उचलली आणि खणात ठेवून दिली.

उद्या सकाळी सखूबाई पट्टी बदलायला येतील. त्यांना काय सांगून परत पाठवू? तुम्हीच लिहा, खाली जागा सोडली आहे.