मॅडमच्या ट्रेनिंगात मी कशी घुसली

बुधवारी सकाळी बरोबर सव्वाअकराले माह्या हातून जे झालं, ते सांगू का नको, असं चालू हाये. पण सांगूनच टाकते, पोटात राहून नाही राह्यलं.

माही आर्वी औंदा पहिलीत गेली. शाळेत सोडलं की रडते. मंग माहा पाय निघत नाही, मी वर्गाच्या खिडकीपाशी उभी. पोरगी शाळेत टिकते का नाही, हीच धास्ती. मी सातवीत शाळा सोडली, तिचं तसं व्हायले नको.

त्या दिवशी आर्वीच्या वर्गाच्या मॅडमचं ट्रेनिंग होतं. अर्धं त्यांनी घरीच मोबाईलवर केलं होतं, उरलेलं मंगरूळपीरले समोरासमोर बसून. मी बी तिथंच मेथी विकाले गेली होती. म्हटलं, विचारूनच येऊ, पोरगी दिवसभर रडते का.

ट्रेनिंगच्या खोलीचं दार लोटलेलं. मंग काय, सवयीनं खिडकीपाशी! तिथं आधीच एक माणूस डोक्यावर रुमाल घेऊन आत डोकावून राह्यला होता.

मी हळूच विचारलं, "भाऊ, तुमचं बी लेकरू आत हाये का?"

"हो ना," तो म्हणे, "माही पोरगी."

आत पाह्यलं तर आमच्या मॅडम खाली बसून पाय आपटून राह्यल्या, हमसून हमसून रडून राह्यल्या. एवढ्या चांगल्या बाईले कोन बोललं असन? टोपलीसकट आत घुसली अन् मॅडमले पोटाशी धरलं.

"रडू नका मॅडम. कोन बोललं तुमाले?"

मॅडम समोरच्या सायबाले म्हणाल्या, "सर, ह्याच त्या."

असा हशा पिकला म्हणता! रडणारं लेकरू कसं रमवायचं, हे मोबाईलवर शिकलेलं इथं करून दाखवायचं होतं. मॅडम आर्वी झाल्या होत्या. अन् तो रुमालवाला भाऊ? तो एक मास्तर. तो खिडकीतली मी झाला होता.

मॅडमनं मले पाणी देलं. म्हणाल्या, "ताई, आर्वी लगेच गप्प होते हो. मग खिडकीत तुमचं तोंड दिसतं, की परत सुरू."

लाज वाटली, पण जीव भांड्यात पडला. पोरगी टिकन. अडचण मीच होती.

आता एक काम करा. वळखीत कोणाचं लेकरू पहिलीत गेलं असन, तर त्याच्या आईले सांगा, सोडा अन् घरी जा. माहं नाव नका सांगू. ट्रेनिंगले जे मास्तर आले नव्हते ते मोबाईलवरून हे सगळं पाहूनच राह्यले होते, म्हणून तालुकाभर माहं नाव आधीच झालं हाये.